घरसभेत वचन सांगायला उभे राहताना

सोलापुरातल्या घरगुती प्रार्थनासभेत नव्याने बोलणारे बहुतेक जण पवित्र शास्त्रातले (बायबलमधले) एखादे आवडते वचन घेतात आणि त्यावर वीस मिनिटे बोलतात. गडबड तिथेच होते. वचन निवडू नका, अध्याय निवडा.

यिर्मया 29:11, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29 व्या अध्यायाचे 11 वे वचन, बघा. दहावीचा निकाल असो की पुण्यातली नोकरी, देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत म्हणून हेच वचन काढले जाते. पण अध्याय पहिल्यापासून वाचा. हे पत्र आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवले. ही धरपकड इ.स.पू. 597 ची. आदल्याच अध्यायात हनन्या या खोट्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सुटका होईल अशी हमी दिली होती. इथे 10 व्या वचनात मुदत आहे 70 वर्षांची. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण बाबेलातच मरणार होते. त्यांना सांगितले आहे की घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. पुण्याला निघालेल्या मुलाला खरे तर नगरासाठी प्रार्थनेचे हे 7 वे वचन द्यायला हवे. 'लवकरच सगळे चांगले होईल' असे 11 व्या वचनावरून सांगणारा नकळत हनन्याचाच संदेश देतो, आणि नोकरी मिळाली नाही की त्या मुलाचा विश्वास डळमळतो.

तयारीला चार-पाच दिवस हवेतच. आधी अध्याय मोठ्याने तीनदा वाचा. मग कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलतो ते वहीत लिहा. मागचा-पुढचा अध्याय आणि तळटिपेतली संदर्भवचने त्यानंतर. भाष्यग्रंथ शेवटीच उघडा. आधी उघडला तर त्यातलीच उत्तरे आपल्याला मजकुरात दिसू लागतात. मुख्य मुद्दा एका वाक्यात मावत नसेल तर तुम्ही दोन संदेश एकत्र कोंबताय.

आपल्याकडे सभेत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मंडळी असतात. शास्त्रपाठ त्यांच्यापैकी कोणाला तरी त्या भाषेतही वाचू द्या. 'समेट', 'नीतिमान ठरणे' असे शब्द आले की तिथेच थांबून उदाहरण द्या.

पुढे सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत, जायचे असेल तर इंग्रजी आतापासून पक्के करा. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिक्षण इंग्रजीतून होते, आणि मराठी माध्यमाची हुशार मुले तिथेच अडतात. हिब्रू-ग्रीक या पवित्र शास्त्राच्या मूळ भाषांची मात्र धास्ती नको. सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी त्या भाषा मोठेपणी शिकून अख्खे पवित्र शास्त्र मराठीत आणले. अर्जासोबत आपल्या मंडळीचे (चर्चचे) शिफारसपत्रही लागते, म्हणून पाळकांशी वेळेत बोलून ठेवा.