मैत्री आणि भावंडांवर रिसर्च करताय? आधी जोडी मोजायला शिका

थिसिसच्या तिसऱ्या वर्षी माझं अख्खं ॲनालिसिस टाकून देऊन परत पहिल्यापासून करावं लागलं. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो, म्हणून हे लिहितेय. विषय होता १० ते १४ वयातली मैत्री आणि त्याच मुलांचं भावंडांशी असलेलं नातं. सोशिओमेट्री (वर्गात कोण कुणाला आवडतं ते मोजणं), नॉमिनेशन (मुलांनी मित्रांची नावं लिहून देणं), स्केलची रिलायबिलिटी (प्रश्नावलीचे मार्क किती भरवशाचे) हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते.

माझ्याकडे १८४ मुलं होती. एकमेकांनाच बेस्ट फ्रेंड म्हणणारी, म्हणजे ९२ जोड्या. मी एका मुलाची एक ओळ अशी शीट केली, एन, म्हणजे नमुन्याची संख्या, लिहिला १८४, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध तपासायची पद्धत) चालवलं आणि सगळं सिग्निफिकंट, म्हणजे नुसता योगायोग वाटणार नाही असं, आलं, आठवडाभर हवेत होते. मग एकीने शांतपणे विचारलं की अगं, ही दोघं एकमेकांबद्दलच बोलतायत ना, मग वेगवेगळी कशी धरलीस? मित्र मुळातच एकमेकांसारखे असतात. डेनिस कँडेलने १९७८ मध्येच दाखवलंय की सारखे असतात म्हणून मैत्री होते आणि मैत्री झाल्यावर आणखी सारखे होत जातात. म्हणजे एकाचं उत्तर कळलं की दुसऱ्याचं अर्धं कळलेलंच असतं. जी गोष्ट पूर्ण जोडीला लागू होते, उदाहरणार्थ मैत्री किती वर्षं जुनी आहे, तिचा परिणाम तपासताना तुमच्याकडे माहिती असते ९२ जोड्यांची आणि तुम्ही मिरवता १८४. पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असं दिसायची शक्यता, खोटी छोटी येते. बास, इथेच मी गेले.

दुसरा भाग जास्त वाईट आहे, नीट वाचा. दोन मैत्रिणींच्या उत्तरांमध्ये कोरिलेशन (उत्तरं किती एकत्र वरखाली होतात ते सांगणारा आकडा, उणे १ ते १) काढायचं तर पहिल्या कॉलममध्ये कुणाला टाकणार? मी हजेरी नंबराने टाकलं. आता तीन जोड्या घ्या, मार्क ४-२, ५-३, ३-१. असेच दोन कॉलम केले तर कोरिलेशन येतं १. आता फक्त मधल्या जोडीतल्या दोघींची अदलाबदल करा, ३-५ लिहा, बाकी काही हलवू नका. आता येतं साधारण उणे ०.२८. मुली त्याच, उत्तरं तीच. मी हे कागदावर चार वेळा करून बघितलं, विश्वासच बसेना. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी दोनदा लिहिली, म्हणजे डबल एंट्री केली, तर कशीही मांडा, उणे ०.२ च येतं. म्हणून मित्रांच्या जोडीत साधं पिअर्सन, म्हणजे वरचं दोन कॉलमचं कोरिलेशन, चालत नाही, इंट्राक्लास (कुणाला पहिलं लिहिलं याने न बदलणारं कोरिलेशन) लागतं. भावंडांत मात्र थोरलं-धाकटं हा खरा फरक आहे, तिथे दोन कॉलमना अर्थ असतो. एकाच थिसिसमध्ये दोन्ही नाती असली की दोन्हीला एकच रेसिपी लावायचा मोह होतो, तो करू नका. केनी, कॅशी आणि कुक यांचं जोड्यांच्या डेटावरचं २००६ चं पुस्तक प्रश्नावली छापायच्या आधी वाचा. मी नंतर वाचलं.

आणि एकच मूल दोघांचं बेस्ट फ्रेंड असेल तर जोड्या एकमेकींत अडकतात. एका मुलाची एकच जोडी घ्या, किंवा सरळ सगळ्या वर्गाची नाती एकत्र बघणाऱ्या नेटवर्क पद्धतीकडे जा.

घाबरू नका पण. डेटा बरोबर गोळा झाला असेल तर ॲनालिसिस परत करता येतं, माझं चार महिन्यांत झालं. जोडीतल्या एकाचंच उत्तर घेतलं असेल तर मात्र काही करता येत नाही, ते नातं नव्हे, एका मुलाचं त्या नात्याबद्दलचं मत आहे, आणि तसंच लिहावं लागतं. दोन्ही घरांची संमती लागते, एक नाही म्हणाले की पूर्ण जोडी जाते, त्यामुळे सुरुवातीलाच जास्त मुलं घ्या.

स्केलबद्दल माझं स्पष्ट मत, वेळ वाचवायला स्वतः पाच प्रश्न बनवू नका. फर्मन आणि बुहर्मेस्टरची १९८५ ची प्रश्नावली आई, वडील, भावंडं, मित्र सगळ्यांबद्दल तेच प्रश्न विचारते, म्हणून तुलना करता येते. स्वतःचे प्रश्न लावलेत तर तुलना कशाशी करणार? आणि गाईड नावाजलेला शोधण्यापेक्षा तुमची शीट उघडून शेजारी बसणारा शोधा. माझ्या गाईडनी दोन वर्षांत फक्त टेबलं बघितली, शीट एकदाही नाही, आणि जोड्यांना सुटी मुलं धरायची चूक टेबलात दिसतच नाही.

नॉमिनेशनला फक्त तीन नावांची मर्यादा घालू नका. अ ने ब ला पहिलं लिहिलं आणि ब ने अ ला चौथं लिहिलं असतं, तर ती मैत्री तुमच्या कागदावर मेलीच. पार्कर आणि ॲशर यांच्या १९९३ च्या कामात वर्गात फारशी न आवडणाऱ्या बऱ्याच मुलांनाही बेस्ट फ्रेंड होता, लोकप्रियता आणि मैत्री या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेगळं मोजा.

फक्त जोड्याच घेतल्या की ज्यांचं नाव कुणीच लिहिलं नाही ती मुलं सॅम्पलमधून आपोआप गळतात. माझी गळली, आणि याचं मला पी-व्हॅल्यूपेक्षा जास्त वाईट वाटतं. त्यांची फाईल वेगळी ठेवा, थिसिसमध्ये ती किती होती ते लिहा, आणि त्यांच्या नावांचा कागद वर्गशिक्षकांच्या टेबलावर एक मिनिटही राहू देऊ नका.