अग्रबाहूच्या अस्थिभंगात प्लेट निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

अग्रबाहूतील (कोपर ते मनगट या भागातील) रेडियस आणि अल्ना ही दोन हाडे मिळून जणू एका सांध्याचे काम करतात. त्यामुळे इतर लांब हाडांत खपून जाणारा थोडासा वाकडेपणाही येथे तळहात उताणा-पालथा करण्याच्या हालचालीवर मर्यादा आणतो. मोडलेले हाड स्क्रूंनी धरून ठेवणाऱ्या धातूच्या प्लेटचे प्रौढांसाठी ३.५ मिमी स्क्रूची डीसीपी (तुकडे एकमेकांवर दाबणारी प्लेट), हाडाशी कमी संपर्क ठेवणारी एलसी-डीसीपी आणि लॉकिंग म्हणजे प्लेटमध्येच घट्ट बसणाऱ्या स्क्रूची एलसीपी असे तीन पर्याय असतात. साध्या आडव्या किंवा तिरप्या भंगात नीट बसवलेल्या तिन्ही प्लेट चांगला निकाल देतात. एलसीपी नवी आहे म्हणून ती अधिक खात्रीची, हा समजच बऱ्याच गोंधळाचे मूळ आहे.

सर्वांत घातक चूक क्रमाची असते. लॉकिंग स्क्रूचे डोके आट्यांनी प्लेटमध्येच घट्ट बसते. तो स्क्रू हाडाला प्लेटकडे ओढत नाही आणि तुकडे एकमेकांवर दाबतही नाही. म्हणून फट शिल्लक असताना दोन्ही बाजूंना लॉकिंग स्क्रू घातले, तर पक्की होते ती फटच, आणि पुढे हाड न जुळता प्लेट तुटण्याची वेळ येऊ शकते. आधी जुळवणी, मग साध्या स्क्रूने दाब आणि लॉकिंग हवेच असेल तर ते शेवटी. आडव्या भंगावर प्लेट अगदी सपाट ठेवून आवळली, की तिच्याखालची कड मिटते आणि पलीकडची उघडते. भंगाच्या जागी प्लेट हाडापासून मिलिमीटरभर उचललेली राहील एवढा बाक आधीच दिला, तर दोन्ही कडा मिटतात.

चुरा झालेल्या भंगात मात्र एकेक तुकडा मोकळा करून बसवण्याचा हट्ट त्यांचा रक्तपुरवठा घालवतो. तेथे चुऱ्याला हात न लावता लांब प्लेट वरखालच्या शाबूत हाडाला बसवून पूल बांधावा. एलसीपीचा खरा उपयोग येथे आणि ठिसूळ हाडात होतो.

रेडियसचा नैसर्गिक बाक सरळ प्लेटला जुळवून घेण्यासाठी सपाट करू नये. दोन्ही हाडे एकाच छेदातून उघडल्यास ती एकमेकांना जोडली जाण्याचा धोका वाढतो, म्हणून छेद दोन घ्यावेत. सूज असताना फॅसिया (स्नायूंवरचे घट्ट आवरण) शिवून बंद करण्याचा मोह तर टाळावाच. टेबलावरून रुग्ण हलवण्यापूर्वी मनगटाजवळचा रेडिओअल्नर (रेडियस आणि अल्ना यांचा) सांधा आणि कोपराजवळचे रेडियसचे डोके जागेवर असल्याची खात्री करावी.

त्रास नसेल तर प्लेट काढण्याची घाई नको. काढायचीच झाल्यास साधारण दोन वर्षे थांबावे, कारण लवकर काढल्यास हाड पुन्हा मोडू शकते.