यरुशलेमला जाताना: टोपी, चहा आणि शब्बाथ

पवित्र भूमीच्या यात्रेत आपल्या ख्रिस्ती मंडळीतले लोक अडखळतात ते बहुतेक छोट्या गोष्टींवर. त्यातली पहिली टोपी. पश्चिम भिंतीजवळ, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनेच्या जागी, पुरुषांनी डोके झाकायचे असते. आपल्याकडे नेमके उलट: प्रार्थनेला उभे राहिले की टोपी हातात. पुरुषाने उघड्या डोक्याने प्रार्थना करावी असे सांगणाऱ्या, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाची सवय झालेल्या माणसाला ही टोपी घालणे म्हणजे आज्ञा मोडण्यासारखे वाटते. पण ती टोपी म्हणजे तुमच्या विश्वासाची कबुली नव्हे. दुसऱ्याच्या घरी उंबऱ्याबाहेर चपला काढतो, तसा तो मान आहे. प्रवेशाजवळ टोप्या फुकट मिळतात. भिंतीकडे तोंड केले की पुरुषांची बाजू डावीकडे, स्त्रियांची उजवीकडे. तिथून थोडे चालून पवित्र कबरेच्या, म्हणजे येशूच्या कबरेवरच्या, चर्चमध्ये गेलात की टोपी काढा. एकाच सकाळी दोन्ही करावे लागते.

निघण्यापूर्वी प्रत्येक रीतीला एकच प्रश्न लावा: हा यजमानाचा मान आहे की उपासना? मान असेल तर मोकळ्या मनाने करा. उपासना असेल आणि मन साथ देत नसेल, तर शांतपणे बाजूला उभे राहा. खाणेपिणे आणि दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोष देऊ नका असे सांगणारा रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आदल्या आठवड्यात गटाने एकत्र वाचला, तर बसमधले अर्धे वाद होतच नाहीत.

शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा काम न करण्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर संपतो, म्हणजे सुमारे 25 तास. शुक्रवारी दुपारनंतर यहुदी भागातली दुकाने आणि बहुतेक बस बंद होतात, म्हणून पाणी, फळे, औषधे आधीच घेऊन ठेवा. हॉटेलात एखादी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबते. बटण दाबणेही काम मानले जाते, त्यामुळे ती बिघडली असे समजून तक्रार करू नका. या काळात भिंतीपाशी फोटो, फोन आणि फटीत ठेवायची प्रार्थनेची चिठ्ठी लिहिणे टाळा.

सर्वांत जास्त कुरबूर चहावरून होते. कोशेर, म्हणजे यहुदी आहारनियम पाळणाऱ्या, हॉटेलात रात्री मांसाहार असेल तर दूध, दही, लोणी काहीच मिळत नाही. कारण निर्गम 23:19: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. म्हणजे आपल्याच बायबलातले वचन ते इतक्या काटेकोरपणे पाळतात. पिशवीतून दुधाची भुकटी काढून जेवणघरात चहा ढवळलात, तर तो चमचा आणि कप त्यांच्यासाठी बाद होतात. दुधाचा चहा खोलीत, स्वतःच्या कपात घ्या. टेबलावर पुदिन्याचा चहा मागा.

पवित्र कबरेच्या चर्चमध्ये सहा परंपरांचा वाटा आहे: ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन, इथिओपियन. दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान घराण्याकडे आहे. येशूचा देह ज्यावर ठेवला असे मानतात, त्या दारातल्या दगडावर लोक तेल लावतात, त्याचे चुंबन घेतात. तुम्ही केले नाही तरी चालेल. कुजबुजत टीका मात्र नको, मराठी कळले नाही तरी चेहरा कळतो. दुसऱ्यांची उपासना चालू असताना आपले गीत सुरू करू नका. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरांच्या, उपासनेत खिशात हात घालणे आणि पायावर पाय टाकून बसणे अनादर समजतात. त्यांचे प्रभुभोजन बाहेरच्यांसाठी नसते, म्हणून रांगेत जाऊ नका.

मशिदींच्या आवारात, म्हणजे मंदिराच्या डोंगरावर, बायबल आणि गीतपुस्तक नेऊ नका. तिथे मुसलमानेतरांना प्रार्थनेची मुभा नाही आणि तपासणीत पुस्तके अडवली जातात. शुक्रवार-शनिवार पर्यटकांना प्रवेश नसतो. खांदे, गुडघे झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस सोयीचा. साडी असेल तर कंबर झाकेल अशी मोठी ओढणी सोबत ठेवा. पतिपत्नींनी हातात हात घेऊ नये.

कट्टर यहुदी पुरुष परस्त्रीशी हस्तांदोलन करत नाहीत. त्याने हात पुढे केला नाही तर अपमान मानू नका. छातीवर हात ठेवून मान लववा.

यात्रा जॉर्डनमध्ये गेली आणि बदाऊ, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब, यजमानांनी वेलचीची कडू कॉफी दिली, तर उजव्या हाताने घ्या. कान नसलेल्या कपात घोटभरच असते. रिकामा कप नुसता पुढे केलात तर पुन्हा भरला जातो. पुरे झाली की कप दोन-तीनदा हलवून परत द्या.