पीएचपी ७.४ वरून ८.३ वर जाताना

नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानाची साइट असो की काटोलच्या संत्रा बागायतदाराची, ती अजून पीएचपी (साइट ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते ती) ७.४ वर असेल तर २८ नोव्हेंबर २०२२ नंतर तिला अधिकृत सुरक्षा दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत. ८.३ ला त्या ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत मिळतील. आंबिया बहाराच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधीच हे काम उरकून घ्या.

आधी फाइली आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप घ्या आणि तो आपल्या संगणकावर उतरवून ठेवा. मग सबडोमेनवर (मूळ नावाआधी शब्द जोडून केलेल्या वेगळ्या पत्त्यावर) साइटची प्रत उभी करा. तिचा डेटाबेस वेगळाच हवा, नाहीतर चाचणीच्या ऑर्डरी खऱ्या ऑर्डरींत मिसळतील. वर्डप्रेस असेल तर वर्डप्रेस, थीम, प्लगिन आधी अद्ययावत करा. त्यानंतर सीपॅनेलच्या (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलच्या) मल्टीपीएचपी मॅनेजरमधून फक्त त्या प्रतीची आवृत्ती बदला.

पान पांढरं पडलं की अंदाज बांधत बसू नका, एरर लॉग (चुकांची नोंद असलेली फाइल) उघडा. नेहमी सापडणारी चूक अशी: कार्ट रिकामी असताना व्हेरिएबलमध्ये नल (म्हणजे काहीच नाही) असतं आणि कोड त्यावर काउंट (count, वस्तू मोजणारं फंक्शन) चालवतो. ७.४ इशारा देऊन शून्य धरायचं. ८ पासून टाइपएरर (चुकीच्या प्रकारचा डेटा दिल्याची चूक) येते आणि पान तिथेच थांबतं. व्हेरिएबलचं नाव $cart असेल तर तिथे ‘count($cart ?? [])’ लिहा. मराठी मजकुराची पानंच तेवढी कोसळत असतील तर नव्या आवृत्तीत एमबीस्ट्रिंग (mbstring, मराठीसारख्या लिप्यांचा मजकूर हाताळणारं) एक्स्टेन्शन सुरू आहे का, ते बघा.

फॉर्म, पेमेंट, ईमेल, क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) तपासूनच मूळ साइट बदला. फारच अडलं तर त्याच मॅनेजरमधून तात्पुरतं ७.४ वर परतता येतं, होस्टने (साइटला सर्व्हर देणाऱ्या कंपनीने) ती आवृत्ती ठेवली असेल तर.