मे महिन्यात मालवणला निघालात? आधी कपडे भिजवून बघा

दोन वर्षांपूर्वी देवबागला मुक्काम होता. "नुसते पाय भिजवतो" म्हणून आमचे हे जीन्स दुमडून पाण्यात शिरले आणि एका लाटेने कमरेपर्यंत भिजून आले. ती जीन्स अंगणातल्या दोरीवर दोन दिवस लोंबत होती. निघायच्या दिवशीही खिसे आणि कमरेची पट्टी ओलीच. शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणली. घरी पिशवी उघडल्यावर काय वास आला ते सांगत नाही.

तेव्हापासून मी कोकणासाठी कपडे निवडताना "किती छान दिसतो" हे नंतर बघते, "किती लवकर वाळतो" हे आधी. विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामानाने किनाऱ्यावर तो बराच खाली असतो. पण हवा दमट असल्यामुळे अंगावरचा घाम वाळत नाही आणि दोरीवरचे कपडेही वाळत नाहीत. चार रात्री, पाच दिवसांसाठी मी बॅग कशी भरते ते सांगते.

आधी परीक्षा. जायच्या आठवडाभर आधी, न्यायचे म्हणून मनात असलेले कपडे रात्री धुवा, हाताने पिळा आणि घरातच पंख्याखाली वाळत घाला. सकाळी शिवणीला आणि खिशाला हात लावून बघा. ओलसर लागला तो कपडा कपाटात परत. जीन्स, जाड टी-शर्ट, अस्तराचे कुर्ते इथेच गळतात. पॉलिएस्टर मात्र या परीक्षेत पहिला येतो आणि फसवतो. म्हणून दुसरी परीक्षा: तो कपडा घालून दुपारी गॅससमोर उभं राहून दहा पोळ्या लाटा. पाठीला चिकटला तर तोही बाद. दोन्हींतून पास होतात ते बहुतेक पातळ सुती, मलमल आणि हलकं लिनन. या सगळ्यांना सुरकुत्या पडतात, पडू द्या. कपडे घडीऐवजी गुंडाळून भरा. तिथे पोचल्यावर झटकून रात्रभर टांगले की दमट हवेतच निम्म्या सुरकुत्या जातात.

मग रंग. फोटोंसाठी सगळ्या घराने पांढरं घालायची हल्ली फॅशन आहे. माझा सल्ला, पांढरं एकच न्या. रस्त्याची तांबडी माती, आमसुलाचा रस, सोलकढी, फणसाचा चीक, सगळे टपून बसलेले असतात. त्यात काजूच्या बोंडूचा रस सगळ्यात वाईट. पडताना पाण्यासारखा दिसतो, पण नंतर तपकिरी होऊन कायमचा बसतो. गडद निळा आणि खाकी अशा दोन पँट घ्या आणि दोन्हींवर चालतील असे चार कुर्ते किंवा शर्ट. म्हणजे सकाळी कशावर काय घालायचं हा विचारच नको. नवीन छापील सुती कपडा असेल तर घरी एकदा वेगळा धुऊन घ्या, नाहीतर बॅगेतल्या घामट कपड्यांवर त्याचा रंग उतरतो.

समुद्राचा जोड वेगळा ठेवा. पाण्यात जाताना सुती नको, भिजल्यावर जड होतं. नायलॉन-लायक्राची घट्ट चड्डी आणि तसलाच टी-शर्ट बरा. ओढणी घेऊन तर लाटांत अजिबात जाऊ नका, पायात अडकते. बाहेर आल्यावर हे कपडे गोड्या पाण्यातून काढायला विसरायचं नाही. कपड्यात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे वाळलेला कपडाही संध्याकाळी पुन्हा दमट लागतो. जाड टर्किश टॉवेलऐवजी माणशी दोन पंचे न्या. एक अंगावर, एक दोरीवर.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी एक लांब बाह्यांचा, जरा घट्ट विणीचा शर्ट हवाच, कारण विरळ मलमलीतून ऊन आत येतं. मालवणच्या धक्क्यावरून होडी, मग किल्ल्यावरची चाल. १६६४ साली पायाभरणी झालेल्या या किल्ल्याची तटबंदी सुमारे तीन किलोमीटर आहे आणि तटावर सावली नाही. सकाळीच जा. पावसाळ्यासाठी होड्या मेअखेरीस बंद होतात, तेही ध्यानात ठेवा.

मोठी सुती ओढणी एकच, पण तिला विसरू नका. गाडीच्या एसी डब्यात ती पांघरायला होते, होडीत डोक्याला, देवळात खांद्यावर. कुणकेश्वरासारख्या ठिकाणी दुपारी अनवाणी चालायची वेळ येते, तेव्हा तापल्या फरशीवर जुने मोजे देवासारखे धावून येतात. पायात रबरी सँडल. कोल्हापुरी खारं पाणी प्यायली की कडक होते, तिला घरीच राहू दे.

आता हिशेब: दोन पँट, चार वरचे, समुद्राचा एक जोड, रात्रीचा एक, आतले कपडे रोजच्यापेक्षा दोन जास्त, ओढणी, पंचे, टोपी. महिन्याच्या शेवटी जाणार असाल तर वळिवासाठी छत्री. हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं. चाकांची बॅग देवबागच्या वाळूत ओढत नेऊन बघा म्हणजे सॅक का ते कळेल.

सॅक गच्च भरू नका, तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. येताना आमसुलं, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला येणारच. मसाल्याची पुडी दोन पिशव्यांत बांधा आणि त्या एकुलत्या एक पांढऱ्या शर्टापासून लांब ठेवा.