डोंगरातील रम्य रस्ता निवडताना या चुका टाळा

दिवसभराच्या डोंगरी सफरीचा विरस झाला की दोष हवेला, गर्दीला किंवा गाडीला दिला जातो. प्रत्यक्षात तो विरस बहुतेक वेळा आदल्या दिवशी, नकाशासमोर बसूनच ठरलेला असतो. रस्त्याची ख्याती, खिंडीची उंची किंवा आकाशातून टिपलेले एखादे देखणे छायाचित्र पाहून निवड केली जाते आणि गाडीच्या खिडकीतून काय, किती वेळ आणि कोणत्या उजेडात दिसणार आहे, हा एकच महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एका राहून गेलेल्या प्रश्नातूनच उद्भवतात.

छायाचित्रातला रस्ता निवडणे

इटलीतील स्टेल्व्हिओ खिंडीच्या रस्त्याचे वरून काढलेले छायाचित्र अनेकांनी पाहिलेले असते. २७५७ मीटर उंचीच्या या खिंडीकडे प्रातो गावाच्या बाजूने चढताना ४८ तीव्र वळणे लागतात आणि वरून पाहिल्यास त्यांची घडी विलक्षण सुंदर दिसते. मात्र ती वळणे घेणाऱ्या चालकाला त्या वेळी दिसतो तो कठडा, समोरून येणारी गाडी आणि पुढचे वळण. वळणे घेण्यातच ज्याला आनंद आहे, त्याच्यासाठी हा रस्ता उत्तमच आहे. परंतु ज्याला डोंगर पाहायचे आहेत, त्याने वळणांच्या संख्येवर भुलू नये. याउलट अमेरिकेतील ब्लू रिज पार्कवे हा सुमारे ७५५ किलोमीटरचा रस्ता बराचसा डोंगराच्या धारेने जातो. तेथे अवजड व्यापारी वाहनांना बंदी आहे, वेगमर्यादा ताशी सुमारे ७२ किलोमीटर आहे आणि दरी न्याहाळण्यासाठी थांबण्याच्या जागा मुद्दाम राखलेल्या आहेत. त्यात थरार कमी आहे, पण चालकालाही मान वर करून पाहता येते.

रस्ता दरीच्या तळातून जातो, डोंगराच्या कुशीतून जातो की धारेवरून जातो, हे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणाऱ्या नकाशावर सहज कळते. रस्ता त्या रेषांना समांतर धावत असेल, तर तो फारसा चढउतार न करता कुशीतून जात आहे आणि एका बाजूला दृश्य मोकळे असण्याची शक्यता मोठी आहे. तो रेषांना वारंवार छेदत असेल, तर चढ तीव्र आहे आणि चालकाचे लक्ष गिअर व ब्रेक यांतच गुंतणार आहे. त्यानंतर उपग्रहचित्र पाहावे, कारण उंचावरून जाणारा रस्ताही दोन्ही बाजूंनी घनदाट झाडीत बुडालेला असेल, तर तासभर हिरव्या भिंतींखेरीज काहीच दिसत नाही. रस्त्याच्या पातळीवरून घेतलेली छायाचित्रे नकाशात उपलब्ध असतील, तर चार-पाच ठिकाणी ती उघडून पाहण्यासारखा दुसरा उपाय नाही. माझ्या मते खिंडीची उंची हा निवडीचा सर्वांत निरुपयोगी निकष आहे.

नकाशाने सांगितलेल्या वेळेवर विसंबणे

नकाशा सांगतो तो वेळ न थांबता गाडी चालवण्याचा असतो. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर ताशी ३० ते ३५ किलोमीटरची सरासरीही समाधानकारक म्हणावी लागते. त्यात दहा ठिकाणी बारा-बारा मिनिटे थांबले, तरी दोन तास वाढतात. डोंगराच्या पायथ्याशी पोहोचण्यात आणि तेथून परतण्यात किती वेळ जाणार, हेही आधी वजा करावे. प्रत्यक्ष डोंगराचा भाग शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत ठेवला, तर दिवस मोकळा वाटतो. त्याहून लांबचा बेत आखणारे दुपारनंतर थांबायचे टाळू लागतात, आणि मग एवढ्या लांब येण्याचे प्रयोजनच उरत नाही.

याच प्रकारातली आणखी एक फसगत म्हणजे मार्गदर्शक ॲपला केवळ शेवटचे ठिकाण सांगणे. ते सर्वांत जलद मार्ग शोधते, आणि सर्वांत जलद मार्ग बहुधा बोगद्यातून किंवा महामार्गावरून जातो. निवडलेल्या रस्त्यावरची तीन-चार ठिकाणे मधले थांबे म्हणून नोंदवावीत, म्हणजे ॲपला मार्ग बदलता येत नाही. डोंगरात नेटवर्क जाते हे गृहीत धरून नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

दिशा आणि उजेड यांचा विचार न करणे

एकच रस्ता सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि दुपारी उलट दिशेने पाहिला, तर दोन वेगळे रस्ते असल्यासारखा भासतो. सूर्य पाठीशी असताना समोरचा डोंगर उजळलेला दिसतो, त्याचे थर, घळी आणि रंग स्पष्ट होतात; सूर्य समोर असताना तोच डोंगर करडी सपाट आकृती होऊन राहतो आणि काचेवरची धूळ मात्र ठळक दिसते. त्यामुळे सकाळी पश्चिमेकडे जावे आणि दुपारनंतर पूर्वेकडे परतावे, अशी आखणी शक्य असेल तेथे करावी. दोन्ही वेळा ऊन पाठीमागे राहते आणि सायंकाळी तिरप्या उन्हाने डोळे दिपण्याचा धोकाही टळतो. उत्तर-दक्षिण पसरलेल्या दरीत सकाळी पश्चिमेकडचा कडा उजळतो आणि दुपारी पूर्वेकडचा, हे लक्षात घेतले की कोणत्या बाजूच्या रस्त्याने केव्हा जावे हे आपोआप ठरते. खोल दरीत सूर्य कड्याआड लवकर जातो; पंचांगातली सूर्यास्ताची वेळ तेथे उपयोगी पडत नाही.

दिशेचा दुसरा पैलू फारसा कोणी विचारात घेत नाही. जेथे वाहने डाव्या बाजूने चालतात, तेथे डोंगराला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फेरी घातली तर दरी डावीकडे, म्हणजे आपल्याच बाजूला येते; तलावाला किंवा दरीला फेरी घालायची असेल तर हेच उलट करावे लागते. जेथे वाहने उजवीकडून चालतात, तेथे दोन्ही दिशा बदलतात. दरी आपल्या बाजूला असली की दृश्य मोकळे मिळते आणि थांबण्याच्या जागी वळण्यासाठी समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागत नाही. मात्र ज्याला दरीची भीती वाटते किंवा जो अशा रस्त्यावर नवखा आहे, त्याने विनासंकोच उलटी दिशा घ्यावी आणि डोंगराच्या बाजूने गाडी चालवावी.

उन्हाच्या दिवसांत डोंगरउतार तापतात, हवा वर चढते आणि दुपारपर्यंत शिखरांवर ढग जमून पुढे गडगडाटी पाऊसही होतो. म्हणून सर्वांत उंच ठिकाण दुपारच्या आधी गाठावे. थंडीत याच्या उलट होते. सकाळी दरीत धुके साचलेले असते आणि उंचावर लख्ख ऊन असते, त्यामुळे खाली धुके दिसले म्हणून परत फिरण्याची घाई करू नये. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरीने सुमारे साडेसहा अंशांनी घटते, हे गरम कपडे घेताना आठवावे.

रस्ता उघडा आहे असे गृहीत धरणे

उंच खिंडीतले रस्ते हिमवर्षावामुळे वर्षातील कित्येक महिने बंद असतात. रुमानियातील ट्रान्सफागाराशान हा २०४२ मीटरपर्यंत चढणारा रस्ता प्रामुख्याने उन्हाळ्यात आणि शरदाच्या सुरुवातीलाच पूर्ण खुला असतो. ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर रस्ता हिवाळ्यात तर बंद असतोच, पण हंगामातही रात्री बंद ठेवला जातो. काही ठिकाणी गाडीच्या आकारावरही मर्यादा असते: अमेरिकेतील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर सुमारे ६.४ मीटरपेक्षा लांब वाहन नेता येत नाही. जेथे हिम पडत नाही, तेथे पावसाळ्यात दरडी कोसळतात. निघण्याच्या दिवशी सकाळी रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेची सूचना पाहणे पुरेसे आहे.

उताराचा विचार चढ संपल्यावर करणे

प्रवाशांसह १५०० किलो वजनाची गाडी १००० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ४ युनिट विजेइतकी ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. चालक केवळ ब्रेकवर विसंबला, तर त्या ऊर्जेचा बराच मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठतो. म्हणूनच ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुना नियम आजही खरा आहे. स्वयंचलित गिअरच्या गाडीत त्यासाठी हाताने गिअर निवडण्याची किंवा खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती कशी वापरायची, हे घरीच पाहून ठेवावे. ब्रेकवर पाय सतत टेकवून न ठेवता ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा शुद्ध अविचार आहे.

तरीही अडचण आलीच, तर लक्षणांवरून कारण ओळखता येते. जळका वास येऊ लागला आणि पेडल घट्ट असूनही गाडी हवी तशी थांबत नसेल, तर ब्रेकचे पॅड अतितप्त झाले आहेत. पेडल मऊ लागून खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळल्याची शंका घ्यावी. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असला, तरी हवेतील पाणी शोषल्यानंतर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि जुने ऑइल घेऊन घाटात जाणे धोक्याचे ठरते ते यामुळेच. अशा वेळी पेडल भराभर दाबून-सोडून पाहावे, खालचा गिअर टाकावा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबावे. चाकाला दगड लावावा, पुढची चाके डोंगराकडे वळवून ठेवावीत आणि ब्रेक पूर्ण निवू द्यावेत. त्यावर पाणी ओतू नये, कारण तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. पेडल मऊच राहिले, तर गाडी पुढे नेऊ नये.

विजेवरच्या गाडीची अडचण वेगळी आहे. उतारावर तिची मोटर वीज परत मिळवते आणि तीच ब्रेकचे काम करते. परंतु बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज साठवायला जागा उरत नाही आणि हा ब्रेक दुबळा पडतो. उंचावरच्या मुक्कामाहून खाली उतरायचे असेल, तर बॅटरी काठोकाठ भरू नये.

सहप्रवाशांना विसरणे

मागे बसलेल्यांपैकी कोणाला गाडी लागत असेल, तर वळणे मोजून रस्ता निवडण्याचा हक्क त्या व्यक्तीला द्यावा. तिला पुढे बसवावे, दूरच्या क्षितिजाकडे पाहायला सांगावे, मोबाइल बाजूला ठेवायला लावावे. त्याहून अधिक परिणाम चालकाच्या हातात असतो: वळणाआधी वेग उतरवून वळणातून एकसारख्या गतीने गेल्यास त्रास बराच कमी होतो, तर वळणात ब्रेक मारून बाहेर पडताना जोर देणाऱ्याच्या गाडीत धडधाकट माणसालाही मळमळते. मळमळ सुरू झालीच, तर थांबून मोकळ्या हवेत चालू द्यावे. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही, तर खिंडीचा हट्ट सोडून आधीच नकाशात हेरून ठेवलेल्या, दरीच्या तळातून नदीकाठाने जाणाऱ्या रस्त्याकडे वळावे. वर धुके बसले किंवा खिंड बंद असली, तरी हाच रस्ता उपयोगी पडतो, म्हणून तो वेगळ्या रंगाने खुणावून ठेवावा.