स्प्रिंगच्या एअर रायफलवरचा स्कोप मागे सरकू नये म्हणून

स्प्रिंगच्या एअर रायफलवरचा स्कोप, म्हणजे नेम धरण्याची दुर्बीण, हलू लागला की बहुतेक जण ॲलन की घेऊन स्क्रू आणखी पिळतात. काही दिवस नेम बरा लागतो, मग छर्रे पुन्हा भलतीकडे जाऊ लागतात, आणि अखेर एखाद्या स्क्रूचे आटे जातात किंवा स्कोपच्या नळीवर तिला धरणाऱ्या रिंगचा वळ उमटतो. स्कोप का सरकतो हे नीट समजून घेतले, तर एवढा जोर लावण्याची वेळच येत नाही.

चाप ओढल्यावर स्प्रिंग जड दट्ट्याला पुढे ढकलते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे येते; पण लगेच दट्ट्यासमोरची हवा इतकी दाबली जाते की तो एकदम थबकतो आणि सगळ्या रायफलीला पुढच्या दिशेने हिसका बसतो. हा दुसरा हिसका अधिक तीव्र असतो. रायफल पुढे जाते, स्कोप मात्र जडत्वामुळे होता तिथेच राहू पाहतो, म्हणून रायफलीच्या मानाने तो थोडा थोडा मागे, म्हणजे नेमबाजाच्या डोळ्याकडे, सरकत जातो. काडतुसाच्या रायफलीसाठी बनवलेला स्कोप कितीही महाग असला तरी त्याची भिंगे आणि रेटिकल (आत दिसणारी नेमाची फुली) अशा उलट हिसक्यासाठी बांधलेली असतीलच असे नाही. म्हणून स्कोप स्प्रिंगच्या एअर रायफलीवर चालेल, असे निर्मात्याने स्पष्ट लिहिले आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

काम सुरू करण्यापूर्वी रायफलीत छर्रा नाही आणि स्प्रिंग चढवलेली नाही, याची खात्री करावी.

माउंट, म्हणजे स्कोपला रायफलीवर धरून ठेवणारी बैठक, शक्यतो अखंड, एका तुकड्याचे घ्यावे, कारण दोन सुट्या रिंगांपेक्षा त्याची पकड रेलच्या, म्हणजे रायफलीवरच्या पट्टीच्या, अधिक लांबीवर बसते. बहुतेक एअर रायफलींवर ११ मिमीची डव्हटेल (तिरक्या कडांची) रेल असते, पण प्रत्यक्षात तिची रुंदी आणि कडांचा कोन निर्मात्यागणिक थोडा बदलतो. माउंटचा जबडा रेलच्या कडेला पूर्ण टेकतो की नुसत्या धारेवर अडकतो, हे उजेडात धरून पाहावे. कारखान्यातून आलेल्या रेलवर आणि माउंटवर तेलाचा पातळ थर असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पुसून कोरडे करावे. ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग माउंटला दोष देतात.

एवढे करूनही केवळ घर्षणाच्या भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रेलवर वरच्या बाजूला भोक असेल तर स्टॉप पिन (माउंटला सरकू न देणारी खिळी) असलेले माउंट घ्यावे. पिन भोकात उतरावी, पण तळाला टेकून माउंट उचलू लागेल इतकी खाली घेऊ नये. त्यानंतर माउंट हाताने मागे ढकलून पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकवावी आणि मगच जबड्याचे स्क्रू आवळावेत. पिन भोकाच्या मधोमध ठेवली, तर ती भिंतीला टेकेपर्यंत स्कोपला सरकायला वाव उरतो. पिकॅटिनी (आडव्या खाचांची) रेल असल्यास माउंटची आडवी पट्टी खाचेत अशीच मागे सरकवून टेकवावी. काडतुसाच्या रायफलीबाबत माउंट पुढे ढकलण्याचा सल्ला देतात, तो इथे लागू नाही. भोक किंवा खाच नसेल, तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉप ब्लॉक बसवता येतो, मात्र तोही रेलला फक्त आवळूनच धरतो.

नळी रिंगमध्ये ठेवल्यावर डोळ्याचे अंतर आणि क्रॉसहेअरचा, म्हणजे रेटिकलच्या फुलीचा, सरळपणा आधी ठरवावा. वरच्या टोप्यांचे स्क्रू मग तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी. टॉर्कचा, म्हणजे स्क्रू किती जोराने आवळायचा याचा, आकडा माउंटसोबतच्या कागदावर असेल तर तो पाळावा. माउंटच्या स्क्रूंना निळे, म्हणजे पुन्हा सोडवता येणारे, थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) थेंबभर पुरते. लाल वापरू नये.

शेवटी बारीक ब्रशने रंगाच्या दोन रेघा ओढाव्यात: एक माउंटवरून रेलवर आणि दुसरी रिंगवरून नळीवर. पन्नासेक छर्रे झाडल्यावर पहिली रेघ तुटलेली दिसली तर माउंट सरकले आहे, दुसरी तुटली तर स्कोप रिंगमध्ये घसरला आहे. दोन्ही अखंड असूनही नेम भरकटत असेल, तर दस्त्याचे स्क्रू तपासावेत, कारण स्प्रिंगच्या रायफलीत तेही वारंवार ढिले होतात. रायफलीची नळी (बॅरल) सांध्यात खाली वाकवून स्प्रिंग चढवण्याच्या रायफलीत आणखी एक शक्यता उरते. अशी बॅरल किंचित खाली झुकलेली असली की स्कोपची उंचीची (नेम वर-खाली करण्याची) चकती जवळपास शेवटपर्यंत फिरवावी लागते, स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते आणि प्रत्येक हिसक्यागणिक रेटिकल जागा बदलते. तिथे माउंट आवळून उपयोग नाही. झुकाव भरून काढणारे, मागून उंच असलेले माउंट बसवावे आणि चकती मध्याच्या आसपास आणावी.